गाडी सर्व्हिसला देताना: जॉब कार्ड, बदली गाडी आणि बिल

डीलरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तुम्ही ज्याच्याशी बोलता तो गाडीला हात लावत नाही, आणि जो हात लावतो तो तुम्हाला भेटत नाही. टेबलापलीकडे बसलेला असतो सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, आत लिफ्टखाली उभा असतो मेकॅनिक. तुमच्याकडून आत जातं ते फक्त जॉब कार्ड, म्हणजे तुमच्या तक्रारी आणि करायची कामं लिहिलेला कागद. सांगितलेलं काम राहिलं, न सांगितलेलं झालं, बिल फुगलं, आपली गाडी आत असताना वापरायला मिळालेल्या बदली गाडीवरचा कुणाचा तरी जुना ओरखडा आपल्या नावावर लागला, या सगळ्या कटकटींचं मूळ शोधलं तर बहुतेक वेळा काहीतरी लिहायचं राहिलेलं असतं. म्हणून खाली बराचसा भर गाडी आत जाण्याआधीच्या अर्ध्या तासावर आहे.

सोबत काय न्यावं

- गाडीच्या नोंदणीचा कागद आणि चालू विमा पॉलिसी
- सर्व्हिस पुस्तिका. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचा क्रमांक
- मागच्या वेळचं जॉब कार्ड आणि बिल
- वाहन चालवण्याचा मूळ परवाना, कारण बदली गाडीसाठी त्याचा नुसता फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही. घरातलं दुसरं कुणी ती चालवणार असेल तर त्यांचाही.
- बदली गाडीच्या अनामत रकमेसाठी कार्ड
- चाकाला लॉकवाले नट असतील तर त्यांचा खास सॉकेट. हा बहुधा डिकीत स्टेपनीखाली पडलेला असतो आणि नेमका चाक काढायच्या वेळी सापडत नाही.
- गाडीचं हँडबुक, किंवा त्यातल्या ऑइलचा ग्रेड, ऑइलचं माप आणि सर्व्हिसचं वेळापत्रक या पानांचे फोटो

१. वेळ घेतानाच बदली गाडीचं विचारा

बदली गाडी हा आपोआप मिळणारा हक्क नसतो. ती चारपैकी एका वाटेने येते: डीलर स्वतःहून देतो, उत्पादकाच्या वॉरंटीत तशी तरतूद असते, रोडसाइड असिस्टन्सच्या योजनेत असते, किंवा विम्यात जादा हप्ता भरून घेतलेली असते. चौघांच्या अटी वेगळ्या. वॉरंटीतली बदली गाडी सहसा नेहमीच्या सर्व्हिसिंगला मिळत नाही; बिघाड वॉरंटीत बसणारा हवा आणि गाडी ठरावीक काळापेक्षा जास्त अडकलेली हवी. तेव्हा कोणत्या वाटेने मिळणार हे आधी विचारा. मग गाडी कोणती, किती दिवस, दिवसाला किती किलोमीटर आणि नुकसान झाल्यास तुमच्या खिशातून किती, हे विचारा. उत्तर मेसेजवर किंवा ईमेलवर घ्या. ‘या तुम्ही, बघू’ याचा अर्थ गाडी राखून ठेवलेली नाही.

इंजिन थंड असतानाच येणारी तक्रार असेल (सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड, पहिली दोन मिनिटं गचके), तर गाडी आदल्या संध्याकाळी ठेवा. चालवत नेलेल्या गाडीचं इंजिन तापलेलंच पोहोचतं, आणि मग कार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा येतो.

याच फोनवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन रिकॉल, म्हणजे दोषामुळे उत्पादकाने गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती, बाकी आहे का ते तपासायला सांगा. हा १७ अक्षरं-अंकांचा क्रमांक विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावर सापडतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणून ओ वाटलं तर ते शून्य समजा. रिकॉलचं काम फुकट होतं आणि ते मागे ठेवू नये. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूच्या डब्याचे तुकडे माणसाच्या अंगावर यायचे. अशा दोषाची बाहेरून काहीही खूण दिसत नाही.

२. लक्षण लिहा, निदान नको

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ‘पुढचं बेअरिंग बदला’ असं लिहून दिलंत तर बेअरिंग बदललं जाईल, बिल होईल, आणि आवाज तसाच राहिला तर सेंटर म्हणेल की तुम्ही सांगितलेलं काम आम्ही केलं. ते बरोबरही असेल. ‘६० च्या पुढे डाव्या बाजूने घरघर येते, वेगाबरोबर वाढते, उजवीकडे वळताना जास्त होते, कारण शोधून दुरुस्त करा’ असं लिहिलंत तर आवाज घालवण्याची जबाबदारी त्यांची.

प्रत्येक तक्रारीत पाच गोष्टी याव्यात: केव्हा (गाडी थंड की गरम), किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, काय करताना (ब्रेक दाबताना, वळताना, खड्ड्यात, एसी चालू असताना) आणि कुठून. ही माहिती मेकॅनिकला किती उपयोगी पडते ते बघा:

- साधारण ८० ते ११० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं: आधी चाकांचं बॅलन्सिंग तपासलं जातं.
- फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं: नजर ब्रेक डिस्ककडे जाते.
- स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना टक-टक-टक: ड्राइव्हशाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट.
- सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी एका बाजूला ओढते: टायरमधली हवा, मग अलाइनमेंट, मग अडकलेला कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग), या क्रमाने.

तुम्ही ‘गाडी थरथरते’ एवढंच लिहिलंत तर या चारांतलं पहिलं आणि स्वस्त ते करून गाडी परत मिळते.

आवाज येत-जात असेल तर व्हिडिओ काढा. फोन शेजारच्या सीटवरच्या माणसाने धरावा आणि फ्रेममध्ये स्पीडोमीटर दिसावा. इंजिनचा दिवा लागला असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड घरी पुसू नका, बॅटरीची वायरही काढू नका. कोड नोंदला जातो त्या क्षणी कॉम्प्युटर वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान असं सगळं टिपून ठेवतो. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांत ते पुसलं जातं आणि निदान पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. ‘कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमची प्रिंट द्या’ हे वाक्य जॉब कार्डावर असू द्या. उदाहरणार्थ, पी०३०१ हा कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. स्पार्क प्लग, कॉइल की इंजेक्टर, ते कोड सांगत नाही. कोड वाचला आणि थेट पार्ट बदलला, तर मधली तपासणी झालेलीच नाही.

३. गाडी रिकामी करा, फोटो काढा

किल्लीच्या जुडग्यातून घराच्या किल्ल्या काढा. डिकी आणि ग्लोव्ह बॉक्स मोकळे करा. चारही बाजू, चारही कोपरे, चाकं, विंडशील्ड, आतल्या सीट यांचे फोटो घ्या. शेवटी इग्निशन चालू करून किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फ्रेममध्ये घ्या. टेस्ट ड्राइव्हचे पाच-सात किलोमीटर समजण्यासारखे आहेत. चाळीस वाढले असतील तर विचारता यायला हवं.

एक सापळा टाळा: गाडी धुऊन न्या. धुळीने माखलेली गाडी आली की अ‍ॅडव्हायझर ‘गाडी अस्वच्छ, ओरखडे तपासता आले नाहीत’ असा शेरा टाकतो. मग आत काहीही झालं तरी ते आधीचंच ठरतं.

४. जॉब कार्डावर सही करण्याआधी

अ‍ॅडव्हायझर तुमचं बोलणं ऐकत संगणकावर ठरलेल्या यादीतून पर्याय निवडत असतो. तुम्ही सांगितलेलं ‘थंड इंजिनला खडखड’ तिथे ‘इंजिन नॉइज’ होतं, आणि मेकॅनिककडे फक्त हे दोन शब्द जातात. म्हणून स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि तक्रार तुमच्या शब्दांत टाइप झाली आहे का ते वाचा. नसेल तर ‘ग्राहकाचे शब्द’ किंवा ‘शेरा’ या रकान्यात ती भरून घ्या. घरून लिहून आणलेला कागद कार्डाला जोडून घेतला तर आणखी चांगलं.

मग या नोंदी आहेत का बघा:

- व्हीआयएन, किलोमीटर, इंधन, जुने ओरखडे
- सुट्या भागांचा आणि मजुरीचा वेगवेगळा अंदाज
- ‘मालकाला विचारल्याशिवाय जादा काम करू नये’
- ‘बदललेले जुने भाग परत द्यावेत’
- डिलिव्हरीची तारीख आणि वेळ

जुन्या भागांचं आधीच लिहावं लागतं, नंतर मागितले तर ते भंगारात गेलेले असतात. दोन अपवाद आहेत: वॉरंटीत बदललेला भाग उत्पादकाकडे परत जातो, आणि अल्टरनेटरसारखा जुना देऊन रीकंडिशन केलेला घेतला असेल तर जुना त्यांनाच द्यावा लागतो. अशा वेळी तो निदान दाखवायला सांगा.

सही डिजिटल असो की कागदावर, रिकाम्या रकान्यांखाली करू नका. फोनवर आलेला ओटीपी सांगणं म्हणजेसुद्धा सहीच.

५. बदली गाडी ताब्यात घेताना

करार चार पानांचा असतो आणि मागे रांग उभी असते. तरी एवढं वाचाच: नुकसान झाल्यास तुमचा वाटा किती, विमा कुणाचा लागू होतो, चालवायची परवानगी कुणाकुणाला, किलोमीटरची मर्यादा, कुठल्या हद्दीबाहेर नेऊ नये, आणि तुमची गाडी तयार झाल्याचा निरोप आल्यावर किती तासांत परत करायची. शेवटच्या अटीकडे सगळे दुर्लक्ष करतात. निरोप शुक्रवारी संध्याकाळी आला, तुम्ही सोमवारी गेलात, तर मधल्या दिवसांचं भाडं लागू शकतं.

विम्याबाबत गृहीत धरू नका. तुमची पॉलिसी तुमच्या गाडीची असते. दुसऱ्याच्या मालकीची गाडी तुम्ही चालवताना ती लागू होईल की नाही हे पॉलिसीवर अवलंबून आहे. आदल्या दिवशी विमा कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्या. टायर, काच, चाकाची रिम आणि गाडीचा खालचा भाग ही विम्याच्या भरपाईतून वगळलेल्या गोष्टींची नेहमीची यादी. नेमकं तिथेच नुकसान होतं.

गाडीभोवती फिरताना डीलरचा माणूस सोबत असू द्या. फोटोंत हे हवं:

- चारही रिमच्या कडा. फुटपाथला घासलेल्या खुणांवरून सगळ्यात जास्त वाद होतात.
- बंपरची खालची कड, वाकून काढलेला फोटो
- विंडशील्डवर दगडाचे टिचके. उजेडाकडे तिरकं बघितलं की दिसतात
- छत
- स्टेपनी, जॅक, पाना. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंग केबल
- डॅशबोर्ड: किलोमीटर, इंधन किंवा चार्जची टक्केवारी, आणि चालू असलेले इशाऱ्याचे दिवे

तपासणी तळघरातल्या अंधारात होत असेल तर गाडी उजेडात आणायला सांगा. फोटो लगेच अ‍ॅडव्हायझरला पाठवा म्हणजे त्यांच्या फोनवरही वेळेची नोंद राहते. करारावरच्या गाडीच्या आकृतीत प्रत्येक खूण त्याच्याकडून करून घ्या.

निघण्याआधी इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा स्टिकर बघा. स्वतःची डिझेल गाडी वर्षानुवर्षं चालवणारा माणूस पंपावर सवयीने डिझेल सांगतो आणि बदली गाडी पेट्रोलची निघते. चुकीचं इंधन पडलंच तर इग्निशनसुद्धा चालू करू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच पंप इंधन पुढे ढकलायला लागतो. टाकी रिकामी करून घेतली की भागतं. इंजिन चालवलं तर डिझेल गाडीत पंप आणि इंजेक्टरपर्यंत खर्च जातो.

६. दुपारचा फोन

‘सर, गाडी लिफ्टवर आहे, ब्रेक पॅड ७० टक्के संपलेत, बदलून टाकू का?’ हा फोन येणारच. त्यात खोटं काही असेलच असं नाही, पण लिफ्टवरच्या गाडीचं नाव काढलं की माणूस घाईने हो म्हणतो. तीन प्रश्न विचारा: मोजमाप किती आलं? हँडबुकच्या वेळापत्रकात हे काम या किलोमीटरला आहे का? आज नाही केलं तर काय होईल? आणि फोटो मागा.

टक्क्यांत बोलू देऊ नका, मिलिमीटरमध्ये बोला. नव्या पॅडचं घर्षणाचं अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं आणि ३ च्या आसपास आलं की बदलायचं. ‘७० टक्के संपले’ म्हणजे नेमकं ३-४ राहिलंय की कुणी अंदाजाने सांगतंय, ते आकडा मागितल्याशिवाय कळत नाही. ३ असेल तर वाद घालू नका, बदला. ६ असेल तर पुढच्या सर्व्हिसला बघू म्हणा.

टायरची खाच नवी असताना ७-८ मिलिमीटर असते. खाचेतल्या आडव्या उंचवट्याला रबर टेकलं की १.६ उरले, टायर संपला. पावसात त्याच्या बरंच आधी पकड कमी होते. टायरचं वय बाजूवरच्या शेवटच्या चार अंकांत असतं: २४२३ म्हणजे २०२३ चा २४वा आठवडा. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीचा व्होल्टेज १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसला तर अल्टरनेटर काम करतोय. नुसता कमी व्होल्टेज म्हणजे बॅटरी मेली असं नाही. लोड टेस्टचा (बॅटरीवर भार टाकून केलेल्या तपासणीचा) कागद मागा.

ब्रेक ऑइल मात्र टाळू नका. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत आला तरी ते मानकात बसतं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ते उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. दिसायला काहीच बिघडलेलं नसतं, म्हणून लोक यालाच ‘उगाच लावलंय’ म्हणतात आणि इंजिन ड्रेसिंगचे (इंजिन बाहेरून चमकवण्याचे) पैसे आनंदाने देतात.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग: वेळापत्रकात नसेल आणि तक्रार नसेल, तर नको म्हणा. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टरचे फोटो मागा. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि बाहेर काढायला पाच मिनिटं लागतात. तो घरीच बदलता येतो.

हो म्हणालात तर रक्कम विचारा आणि मेसेजवर कळवा. फोनवरचा ‘हो’ किती कामांना होता यावरच नंतर भांडण होतं.

७. आधी आपली गाडी बघा, मग बदलीची किल्ली द्या

क्रम उलटा झाला की अडचण होते. बदली गाडी जमा झाली, बिल भरलं, आणि गेटवर कळलं की आवाज तसाच आहे. आता तुम्ही पायी.

बॉनेट उघडा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. वरच्या खुणेच्या वर असेल तर काढायला लावा; जास्त ऑइल क्रँकशाफ्टने घुसळलं जाऊन फेस होतो आणि फेसाने वंगण नीट होत नाही. रंगावर जाऊ नका: पेट्रोल इंजिनात नवं ऑइल मधासारखं दिसतं, पण डिझेलमध्ये आत उरलेल्या काजळीने ते लगेच काळं पडतं. काळं दिसलं म्हणून ‘बदललंच नाही’ असा आरोप डिझेलवाल्याने करू नये. ऑइलचं झाकण घट्ट आहे ना, तेही बघा.

ब्रेक पॅड बदलले असतील तर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दोन-चारदा दाबा. नवे पॅड बसवताना ब्रेकचे पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पेडल तळाला जातं. हे मेकॅनिकने करायचं असतं, पण खात्री तुम्ही करा. चाकं काढली असतील तर नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळलेत का विचारा, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या. अलाइनमेंटचे पैसे लावले असतील तर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेली प्रिंट मागा. बॅटरी काढली असेल तर घड्याळ आणि काचेचं ऑटो बटण बिघडलेलं असू शकतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरलं की बहुतेक गाड्यांत ते पुन्हा चालू होतं.

मग अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून ज्या वेगाला, ज्या वळणावर तक्रार होती तिथे गाडी चालवा.

८. बिल ओळीओळीने

ऑइल किती लिटर लावलंय ते हँडबुकातल्या ‘फिल्टरसह’ या आकड्याशी जुळवा. माप ३.५ लिटर आणि बिलात ४ असेल तर उरलेलं अर्धा लिटर डब्यात घरी न्या. पैसे तुम्ही दिलेत. ग्रेडही बघा: हँडबुकात ०डब्ल्यू-२० असेल तर बिलात ५डब्ल्यू-३० का?

मजुरी घड्याळावर नाही, कामाला ठरवलेल्या तासांवर लावतात. त्यात गैर काही नाही, पण एकाच उघडझापीत झालेल्या दोन कामांची पूर्ण मजुरी दोनदा लागलेली सापडते. टायमिंग बेल्टसोबत वॉटर पंप, पॅडसोबत डिस्क, क्लचसोबत क्रँकचं मागचं सील: दुसऱ्या कामासाठी सगळं आधीच सुटलेलं असतं. ‘ओव्हरलॅप वजा केला का?’ एवढं विचारा. ‘कन्झ्युमेबल्स’ नावाच्या ओळीत काय आलं तेही विचारा.

वॉरंटीतल्या कामाचा कागद शून्य रकमेचा असला तरी घ्या. त्यावर बदललेल्या भागाचा क्रमांक असतो.

९. बदली गाडी जमा करताना

इंधन घेतलं तेवढंच भरा आणि पावती ठेवा. डीलरने भरलं तर दरात त्यांची मेहनतही धरतात. तुमचा फोन ब्लूटूथच्या यादीतून काढा. संपर्क, कॉलची यादी आणि नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता पुसा. फॅक्टरी रीसेट असेल तर तोच करा. लहान मुलाची सीट, चष्मा, सीटखाली घरंगळलेली बाटली बघा. पुन्हा तेच फोटो काढा आणि ‘नुकसान नाही’ असं लिहिलेली पोच त्याच वेळी घ्या. रात्री किल्ली पेटीत टाकून गेलात तर सकाळपर्यंत गाडी तुमच्याच जबाबदारीवर असते.

१०. तीच तक्रार परत आली तर

दोन-चार दिवसांत कळवा, लेखी, जुन्या जॉब कार्डाचा क्रमांक देऊन. नवं कार्ड उघडताना त्यावर ‘पुनरावृत्ती’ आणि तो जुना क्रमांक लिहून घ्या. नाहीतर यंत्रणेत ती नवी तक्रार म्हणून जाते आणि मजुरी पुन्हा लागते. ‘जरा बघून देतो’ म्हणून कार्डाशिवाय गाडी आत नेऊ देऊ नका. तशा फेरीची कुठेच नोंद राहत नाही, आणि वॉरंटीच्या वादात एकच दोष किती वेळा दुरुस्तीला आला हे मोजलं जातं.

या वेळी मेकॅनिक किंवा फ्लोअर इन्चार्जसोबत टेस्ट ड्राइव्ह मागा. स्टेअरिंग तुमच्या हातात, तो शेजारी. आवाज आला की तिथेच त्याला सांगा, आणि परत आल्यावर त्याने काय ऐकलं ते त्याच्याकडूनच कार्डावर लिहून घ्या. तरी सुटलं नाही तर अ‍ॅडव्हायझरशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात फारसं नसतं. सर्व्हिस मॅनेजर, आणि मग उत्पादकाचा ग्राहक कक्ष. पत्रात राग नको: तारीख, किलोमीटर, कार्ड क्रमांक, लक्षण, काय बदललं, काय उरलं, आणि तुम्हाला काय हवं. खाली सगळ्या कार्डांच्या प्रती जोडा.